ओलं होल्स्टर

१

आधीच सांगते, मी भित्री नाही. भित्र्या बाईला कुणी कमरेला रिव्हॉल्वर लावून दुसऱ्याच्या जिवाची राखण करायला ठेवत नाही. माझं नाव नीलम. अंधेरीला एमआयडीसीत हिऱ्यांच्या दागिन्यांचा एक कारखाना आहे, त्याच्या मालकीणबाईंची मी अंगरक्षक. त्यांना सगळे मॅडम म्हणतात, मीही मॅडमच म्हणते. त्या गाडीत बसल्या की मी पुढे ड्रायव्हरशेजारी, त्या लिफ्टमध्ये शिरायच्या आधी मी आत. रिव्हॉल्वर माझं स्वतःचं, लायसन माझ्या नावावर, त्यामुळे सकाळी ते माझ्याबरोबर कामावर जातं आणि संध्याकाळी माझ्याबरोबर घरी येतं.

सिक्युरिटी एजन्सीने दिलेलं होल्स्टर, म्हणजे कमरेला रिव्हॉल्वर अडकवायचं म्यान, नायलॉनचं होतं. त्याचा वेलक्रो उघडताना खर्रकन आवाज करायचा. एकदा सांताक्रूझला हॉटेलात दागिन्यांचं प्रदर्शन होतं. मी खाली वाकले काय, वेलक्रो सुटला काय, शेजारच्या बाईच्या हातातली कॉफी तिच्याच साडीवर गेली. गाडीत बसल्यावर मॅडम म्हणाल्या, “नीलम, काहीतरी नीट घे बाई. लोक माझे दागिने सोडून तुझी कंबर बघतात.”

म्हणून मी अंधेरी पूर्वेला माणिकशेठच्या दुकानात गेले. गल्लीतलं अरुंद दुकान. पट्टे, पाकिटं, बूट, शूटिंगवाल्यांना लागणारा चामड्याचा माल. सगळीकडे पॉलिशचा वास. माणिकशेठ पन्नाशीचा माणूस, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कमी आणि कमरेकडे जास्त बघतो. धंदाच तसा.

“रोज लावणार की कधीमधी?” त्याने विचारलं.

“रोज. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.”

“मग चामडंच घ्या, ताई. नायलॉन अंगाशी भांडतं. चामडं अंगाचं होऊन जातं.”

मग आमचं अर्धी दुपार तेच चाललं. पोटापुढे आडवं लावून बघितलं, तर स्टुलावर बसल्याबरोबर नळी पोटात खुपली. पाठीमागे लावून बघितलं, तर गाडीत बसणार कशी? शेवटी उजव्या कमरेवर, जरा मागे कलतं, हे ठरलं. वरून कुर्ता किंवा सैल शर्ट आला की कळत पण नाही. तोंड उघडं ठेवू नका, असं तोच म्हणाला. गर्दीत मागून कुणी हात घातला तर काय घ्या. वरून एक पट्टी आणि पट्टीला टिचबटण. अंगठ्याने दाबलं की टक, पट्टी बाजूला, आणि रिव्हॉल्वर हातात.

“आता एक रात्र रिव्हॉल्वर इथे ठेवून जा,” तो म्हणाला. “चामडं ओलं करून त्यात दाबून ठेवतो. सुकलं की तोच आकार धरतं.”

“ते नाही जमणार. ते दुसऱ्याच्या ताब्यात देता येत नाही.”

“मी काय पळून जातोय?”

“तू नाही रे पळणार. माझं लायसन पळेल.”

तो हसला. मग म्हणाला, शूटिंगवाल्यांकडे याच मापाचा डमी मिळतो, त्याच्यावर करून देतो. माझं रिव्हॉल्वर बसायला थोडे दिवस घेईल, एवढंच.

“बसेल ना पण नीट?”

“बसेल. चामडं ओलं असताना आत जे असेल त्याला ते धरतं,” माणिकशेठ म्हणाला. “मग सोडत नाही.”

२

आम्ही मरोळला राहतो. नवीन बिल्डिंगमधली एक खोली आणि किचन, सातवा मजला. मी, माझा नवरा धम्मपाल आणि आमची अक्षता. ती तिसरीत आहे. धम्मपाल विमानतळावर कार्गोत आहे. माझी ही नोकरी त्याला कधीच पटली नाही. म्हणजे नोकरी पटते, रिव्हॉल्वर पटत नाही. अक्षता रांगायला लागली तेव्हाच त्याने मला समोर बसवून सांगितलं होतं, “नीलम, मी तुला अडवणार नाही. पण ज्या दिवशी पोरीचा हात त्या वस्तूला लागेल, त्या दिवशी नोकरी बंद. मग रडायचं नाही.” मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. कारण मलाही स्वप्नं पडतात ती तीच पडतात.

म्हणून घरात शिरल्यावर माझा एक नेम आहे. चपला दारात. अक्षता असेल तर ती किचनमध्ये जाते, न सांगता. मग टक. रिव्हॉल्वर बाहेर, गोळ्या बाहेर. गोळ्या एका डब्यात, रिव्हॉल्वर कपाटाच्या लॉकरमध्ये, किल्ली माझ्या गळ्यातल्या गोफात. होल्स्टर दारामागच्या खुंटीवर. तेवढं झालं की मी हाक मारते, “ये गं.” मग ती येऊन गळ्यात पडते.

नवीन होल्स्टर घरी आलं तेव्हा ते कडक होतं, तपकिरी, सुंदर. मी दोन-तीनदा नुसता हात फिरवला. धम्मपाल म्हणाला, “माझ्या पाकिटाकडे पण एवढ्या प्रेमाने बघत नाहीस कधी.”

“तुझ्या पाकिटात असतं काय बघण्यासारखं?” मी म्हटलं.

सगळं छान होतं. फक्त एक. सकाळी खुंटीवरून काढलं की ते ओलं लागायचं.

चिंब नाही. पुसून ठेवलेल्या फरशीसारखं ओलसर, गार. मला वाटलं, घाम. मुंबईची हवा काय कमी दमट आहे? मी ते खिडकीत उन्हाला टांगलं. उन्हात तापून आलं, वरून कोरडं झालं. पण बोट आत घातलं तर आत तसंच. मी आतून कागद कोंबून बघितला. कागद भिजून निघाला. मी कागद हुंगला सुद्धा. घामाचा काय, कसलाच वास नव्हता.

३

दर आठवड्याला मी आरशासमोर सराव करते. गोळ्या काढून, दार लावून, अक्षता शाळेत असताना. शर्ट बाजूला, अंगठा बटणावर, टक, वर. एवढंच, पुन्हा पुन्हा. हाताला सवय राहिली पाहिजे.

त्या दिवशी रिव्हॉल्वर वर आलं नाही.

म्हणजे आलं, पण अर्ध्यात अडलं. मी जोर लावला तेव्हा सुटलं. मी मनात माणिकशेठला दोन शिव्या दिल्या. डमीवर केलं ना, मग आणखी काय होणार. पुन्हा केलं. पुन्हा अडलं. तिसऱ्यांदा मी मुद्दाम हळू ओढलं, डोळे मिटून, कुठे घासतंय ते कळावं म्हणून. कुठेही घासत नव्हतं. चामडं अडकलं की करकरतं, तसा आवाज पण नव्हता. नुसतं जड होत गेलं आणि मग एकदम हलकं.

मी होल्स्टर उजेडात धरलं. लावून लावून चामड्यावर आतल्या वस्तूचा ठसा उठतो, ते ठीक आहे. गोळ्यांची चक्री जिथे येते तिथे एक मोठा फुगवटा होता, तो हवाच. पण त्याच्या खाली, नळीच्या जागी, चार छोटे फुगवटे होते. एका ओळीत, शेजारी शेजारी. माझ्या रिव्हॉल्वरची नळी सरळ, गुळगुळीत आहे. तिथे फुगण्यासारखं काहीच नाही.

मी बोटांनी चाचपून बघितलं. आतून काहीतरी दाबलं गेलं होतं. होल्स्टर उलटं केलं, तर मागच्या बाजूला एकच फुगवटा, जरा जाड.

मला कळायला वेळ लागला. कारण डोकं अशा वेळी मुद्दाम उशीर करतं. मी कंगवा उचलला, मुठीत धरला आणि आपल्याच मुठीकडे बघितलं. पुढे चार बोटं, मागे अंगठा. रिव्हॉल्वरची नळी कुणीतरी आतून मुठीत धरावी, तसा तो ठसा होता.

आणि मूठ लहान होती.

भुताखेताचं माझ्या मनातही आलं नाही. मला अक्षताच आठवली. पोरीने ओल्या होल्स्टरमध्ये हात घातला, खेळली, असंच वाटलं. आणि होल्स्टरशी खेळली असेल तर आणखी कशाशी खेळली असेल?

४

“अक्षता, इकडे बघ. तू खुंटीवरच्या होल्स्टरला हात लावलास?”

“नाही.”

“खरं सांग. मी मारणार नाही.”

“नाही लावला आई. मला पोचत पण नाही तिथे.”

“स्टूल घेऊन?”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मलाच कसंतरी झालं. “तू नको सांगितलंयस ना,” ती म्हणाली. बस, एवढंच कारण. आमची पोर तशीच आहे. शाळेतून आली की बूट सुद्धा जोडीने ठेवते.

पण विश्वास ठेवायचा तर मग तो ठसा कुणाचा? मी होल्स्टर खुंटीवरून काढून कपाटाच्या वर ठेवलं, धम्मपालचा हात सुद्धा ताणून पोचतो तिथे. बटण लावून वरून दोऱ्याने बांधलं. सकाळी दोरा तसाच. बटण तसंच. आणि चार फुगवटे आदल्या दिवशीपेक्षा जास्त उठून आलेले. आता तर सांधे पण दिसत होते. बोटाचा मधला सांधा वाकतो ना, तसे.

बरं, वेड मला लागलंय का हेही तपासलं. कारखान्यात मी रिकामं होल्स्टर ड्रायव्हरला दाखवलं. ठसा बघ म्हटलं नाही, नुसतं “कसं आहे?” विचारलं. त्याने हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, “नक्षी का काढून घेतली बोटांची?”

म्हणजे दिसत होतं. त्या दिवशी मला आनंद व्हावा की काय, तेच कळेना.

घरी आल्यावर मी नेहमीसारखं सगळं केलं. टक. गोळ्या डब्यात, रिव्हॉल्वर लॉकरमध्ये. होल्स्टर कपाटावर. “ये गं,” हाक मारली. अक्षता आली, गळ्यात पडली. आणि माझ्या खांद्यावरून कपाटाकडे बघत तिने विचारलं, “आई, ते एकदाच का वाजत नाही?”

“काय?”

“बटण. तू घरी आलीस की एकदा वाजतं. मग तू भांडी घासतेस तेव्हा परत वाजतं.”

मी म्हटलं, शेजारच्यांचं काहीतरी असेल. तिने मान डोलावली. पोरं आपल्याला सांभाळून घेतात, हे मला त्या दिवशी समजलं. मी भांडी घासायला गेले आणि नळ बारीक ठेवला. खूप वेळ काही वाजलं नाही. मग मी वैतागून नळ पूर्ण सोडला, आणि पाण्याच्या आवाजातून मला ते ऐकू आलं. एकदाच. टक.

५

दुसऱ्या दिवशी मॅडमना कारखान्यात सोडून मी माणिकशेठकडे गेले.

“काय रे, त्या डमीला हात चिकटवलेला होता का?” मी सरळच विचारलं. मी विचार करून करून तिथे पोचले होते. शूटिंगमध्ये मुडद्याच्या हातात बंदूक दाखवतात, तेव्हा रबराचा हात लावत असतील, तोच ठसा उठला असेल. मला हे इतकं पटलं होतं की वाटेत रिक्षात मी स्वतःशीच हसले होते.

“हात कुठला? साधा लाकडी डमी. रंग दिलेला.”

“मग हे बघ.” मी रिव्हॉल्वर पिशवीत ठेवलं आणि रिकामं होल्स्टर पुढे केलं.

त्याने चष्मा लावला. ठसा बघितला आणि म्हणाला, “ओलं राहिलंय तुमचं हे. आत काय, पाणी भरता का?” मग कारागिराच्या सवयीने त्याने दोन बोटं आत घातली.

त्याचा चेहरा मी बघत होते. आधी त्याने कपाळाला आठी घातली. मग बोटं जरा आणखी आत सरकवली आणि तशीच ठेवली, डॉक्टर नाडी बघतो तेवढा वेळ. मग सावकाश बाहेर काढली, आपल्या शर्टाला पुसली, आणि दुकानातल्या पट्ट्यांच्या लडींकडे बघत राहिला.

“मी आत मऊ अस्तर टाकलं नव्हतं,” तो म्हणाला.

“मग?”

“काही नाही. नवीन करून देतो, ताई. यावेळी तुम्ही समोर बसा, तुमच्या रिव्हॉल्वरवरच करू. पैसे नकोत.”

“बरं. हे ठेवून घे मग.”

“नाही. हे तुम्ही न्या.” त्याने ते काउंटरवरून माझ्याकडे सरकवलं. बोटाने नाही, मापाच्या लाकडी पट्टीने. “दुकानात नको.”

“अरे, म्हणजे काय? तूच बनवलंस ना?”

“बनवलं मीच,” तो म्हणाला. “पण लावलं तुम्ही. रोज लावलं. आता ते तुमच्या कमरेचं झालं.”

मी चिडले. काय लावलंय, लहान पोरासारखं, असं काहीतरी बोलले. त्याने लाकडी पट्टी फडक्याने पुसून खाली ठेवली. मी ते परत पट्ट्यात ओवलं, कारण माझी ड्यूटी संपायला अजून अख्खी दुपार होती आणि रिव्हॉल्वर काय पिशवीत टाकून फिरायचं? बाहेर आल्यावर गल्लीत ऊन होतं, वडापावची गाडी होती, सगळं जागच्या जागी होतं. मला मात्र चालताना सारखं वाटत होतं की उजवी बाजू डावीपेक्षा जड आहे. ती तर असणारच, रिव्हॉल्वर होतं ना तिथे. एवढं साधं पण मला स्वतःला समजावून सांगावं लागत होतं.

६

मग तो प्रसंग झाला. सांताक्रूझच्या त्याच हॉटेलात. मॅडम बाहेर गाडीकडे निघाल्या, मी अर्धं पाऊल मागे. आतून एक माणूस धावत आला. हातात काळं काहीतरी, तोंडाने “मॅडम, मॅडम,” आणि धाव अशी की थांबणार नाही. मी मॅडमना गाडीकडे ढकललं. शर्ट बाजूला, अंगठा, टक. माझा हात बरोबर गेला होता. मी वर ओढलं.

कुणीतरी खाली ओढलं.

याला दुसरे शब्द नाहीत माझ्याकडे. अडकलं नाही. ओढलं. माझा पट्टा सुद्धा त्या बाजूला खाली गेला, पँटची कड हाडावर रुतली. तेवढ्यात तो माणूस समोर येऊन उभा राहिला, धापा टाकत. हातात मॅडमची पर्स होती. टेबलवर विसरली होती.

रिव्हॉल्वर वर आलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. मॅडमना पर्स मिळाली, बाकी काही कळलं नाही. मी गाडीत बसले आणि पट्टा परत वर ओढून घेतला. मला वाचवलं गेलं होतं की अडवलं गेलं होतं? आणि कुणी? हे मी कुणाला विचारणार होते?

त्या संध्याकाळी मी इतकी बधिर होते की होल्स्टर पलंगावरच राहिलं. धम्मपाल कामावरून आला आणि त्याची नजर थेट त्याच्यावरच गेली. त्याने उचललं, ट्यूबलाइटखाली धरलं आणि फुगवट्यांवरून अंगठा फिरवला.

“हा हात आहे, नीलम.”

“मला माहितीये.”

“पोरीचा हात आहे.”

“नाही रे. तिने हात लावलेला नाही, मी विचारलंय.”

“मग तुझा आहे? माझा आहे?” तो आवाज चढवत नाही कधी, त्या दिवशीही चढवला नाही. “आपलं काय ठरलं होतं?”

मला रडू आलं. नोकरी जाईल म्हणूनही आलं, आणि त्याचं खरं असलं तर काय, म्हणूनही. निवडणूक लागली होती आणि नेहमीप्रमाणे लायसनवाल्यांनी आपली शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायची होती. मी त्याला म्हटलं, “उद्या मी रिव्हॉल्वर जमा करते. निकाल लागेपर्यंत ते घरात येणार नाही. तेवढ्यात मी तुला दाखवून देते की हा हात तिचा नाही. नाही दाखवता आलं तर सोडते नोकरी.”

“उद्या संध्याकाळपर्यंत,” धम्मपाल म्हणाला.

७

ठाण्यात रांग होती. बिल्डर, सोनार, एक रिटायर्ड कॅप्टन. माझी पाळी आल्यावर मी कमरेचं होल्स्टर तसंच काढून टेबलवर ठेवलं. हवालदाराने रिव्हॉल्वर ओढलं, ते सरळ आलं, लोण्यातून सुरी यावी तसं. मी श्वास धरून बसले होते, तो सोडला.

“हे घेऊन जा, ताई,” त्याने होल्स्टर परत दिलं. “शस्त्र जमा होतं, कव्हर नाही. आणि ओलं का आहे हो एवढं?”

मी ते पिशवीत टाकायला हवं होतं. पण दोन्ही हातांत कागद, मागे माणसांची घाई, मी सवयीने पट्ट्यात ओवलं आणि बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर मला किती दिवसांनी मोकळं वाटलं. आता घरात काही नाही. लॉकर रिकामा. पोर काय करणार होती? काही करूच शकत नव्हती. मी डोळे मिटून मागे टेकले. मरोळ नाका आला, उतरले, आणि जिना चढताना, लिफ्ट बंद होती, माझ्या लक्षात आलं की उजवा हात मी पट्ट्याला लावून तो वर धरून ठेवलाय. तो खाली ओघळत होता. रोजच्याइतकाच.

सवय, मी म्हटलं. रोज जिथे वजन असतं तिथे ते नसलं तरी वाटतं.

अक्षता शाळेतून आली होती. शेजारच्या काकूंनी तिला जेवायला वाढलं होतं, आता ती पंख्याखाली फरशीवर बसून चित्र रंगवत होती. मला बघून ती नेमाप्रमाणे उठून किचनकडे निघाली.

“थांब गं. इकडे ये.”

“तू अजून ठेवलं नाहीस.”

“आज नाहीच आहे ते. पोलिसांकडे देऊन आले. ये, हात बघू तुझा.”

तिने हात मागे लपवला. “मी नाही लावला.”

“माहितीये राणी. आज लाव. आई सांगते ना, लाव.”

ती अंदाज घेत जवळ आली. माझ्या कमरेशी तिचं डोकं येतं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मग चार बोटं त्या चार फुगवट्यांवर ठेवली.

बसली नाहीत. तिच्या एका बोटाखाली दीड फुगवटा झाकला जात होता. मी तिचा हात धरून वर-खाली सरकवून बघितला, तरी बसेनात. तिचा हात मोठा होता. कितीतरी मोठा.

“आई, हा तर बाळाचा हात आहे,” ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी खाली वाकून तिच्या केसांचा पापा घेतला. माझी पोर खरं बोलली होती. नोकरी वाचली होती. मग हात कुणाचा, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही, आणि हेच मला आजही कळत नाही. मला फक्त धम्मपाल दिसत होता, संध्याकाळी दारात उभा, म्हणणारा, बाहेरून काय मोजतेस, चामडं सुकताना आक्रसतं, आतून मोज. तो म्हणालाच असता. त्याला सगळं पूर्ण लागतं.

“आता आत घाल बघू हात.”

“आत?”

“हां. पट्टी मी धरते. घाल, काही नाही त्यात.”

मी अंगठ्याने बटण दाबलं. टक. आठ वर्षं मी ज्या हाताला लांब ठेवलं, तो मीच मनगटाला धरून होल्स्टरच्या तोंडाशी आणला. अक्षताने बोटं जुळवली आणि हात आत घातला. जागा होती. मनगटापर्यंत गेला.

डब्याच्या तळाशी शेवटचं बिस्कीट शोधताना करते तसं तोंड तिने केलं, वर छताकडे बघत.

“गार आहे,” ती म्हणाली.

“ओलं आहे ना ते, म्हणून.”

“चामडं नाही गं आई.”

मी खाली बघितलं. चामड्यावर तिची बोटं उमटत होती, आतून, एकेक करून, मला ओळखू येत होती. आणि त्यांच्याखालचे ते चार लहान फुगवटे जागेवर नव्हते. ते सरकत होते. एक, मग दुसरा, तिच्या बोटांभोवती येऊन मिटले.

“हात काढ,” मी म्हटलं. “अक्षता, हात बाहेर काढ.”

“काढतेय ना.”

मी तिचं मनगट धरून ओढलं. ती कळवळली नाही, घाबरली पण नाही. उलट तिने दुसऱ्या हाताने माझा हात बाजूला केला, समजूतदारपणे. शाळेच्या बसमधून बालवाडीतल्या पोरांना ती हाताला धरून उतरवते, तेव्हा तिचा चेहरा असाच असतो.

“ओढू नको. त्याला लागेल.”

मी दोन्ही हात बकलाकडे नेले. पट्टा भिजून फुगला होता, बक्कल माझ्या बोटांना येत नव्हतं. त्या बाजूला कमरेवर वजन पडलं, आधी रोजचं, मग रोजच्यापेक्षा जास्त. अक्षता हळूहळू हात वर घेत होती. तिचं मनगट बाहेर आलं, मग तळव्याचा मागचा भाग, ओला, चमकणारा.

“घाई नको ना करू, आई,” ती म्हणाली. “येतोय तो.”